सुपाच्या पाठीवरचे कुलकुल

महाड, ३० नोव्हेंबर २०२५

कुंदा,

'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी पत्रलेखन शिकवताना सांगितलं होतं, जे मनात नाही ते मायन्यात लिहू नये. मी त्यांचं ऐकते.

हे पत्र वसईच्या जुन्या पत्त्यावर टाकते आहे. तू अजून तिथे राहतेस की नाही, मला ठाऊक नाही. आईच्या बाराव्यानंतर आपण एकमेकींना एक ओळ लिहिलेली नाही, आणि आजही खुशाली विचारायला लिहीत नाही. मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे.

आधी माहिती, म्हणजे मग 'मला काय ठाऊक' असं म्हणायला नको. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत राहते. रूपाली माझ्याजवळच असते. तू पाहिलंस तेव्हा ती कॉलेजात होती. आता पोलादपूरला हायवेलगतच्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिचा नवरा सुनील मुंबईला नोकरीत, सवड मिळाली की येतो. त्यांची मुलगी सेजल तिसरीत शिकते. ती माझ्याच हाताखाली वाढते आहे.

गेले बरेच रविवार रूपाली सेजलला पोलादपूरला घेऊन जाते. मला सांगण्यात आलं, चित्रकलेचा क्लास आहे. बरं. पण मुलगी रंगपेटी घरी विसरते आणि क्लासमध्ये तिचं काही अडत नाही, हा कसला क्लास? परत येते तेव्हा बोटांना खळ चिकटलेली असते. भाताच्या पेजेची खळ, कुंदा. मी आयुष्यभर नमुन्यांचे वास घेतले आहेत, मला फसवणं सोपं नाही. आजकाल कोणता मास्तर मुलांना पेजेची खळ शिजवायला शिकवतो?

मग मोरीत वेफर्सच्या रिकाम्या पुड्या सापडल्या. धुतलेल्या, उलट्या केलेल्या, चांदीसारखी आतली बाजू वर करून दोरीवर वाळत घातलेल्या. मी वेफर्स घरात आणत नाही. चौकशी केली तर कळलं, शाळेत इतर मुलांनी खाऊन टाकलेल्या पुड्या ही गोळा करते. माझी नात! मी रूपालीला जाब विचारला. ती म्हणाली, "क्राफ्ट आहे आई." सकाळी चित्रकला, दुपारी क्राफ्ट. खोटं बोलणाऱ्याने निदान एका विषयाला धरून राहावं.

माळ्यावरून दिवाळीचा आकाशकंदील नाहीसा झाला. त्याबद्दलही घरात कोणाला काही माहीत नाही.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण काल वेणी घालताना सेजल म्हणाली, "आजी, तुझी बहीण हरवलीय का?"

मी या मुलीला मला बहीण आहे हे कधी सांगितलेलं नाही. रूपालीही सांगणार नाही, कारण तुझं नाव या घरात काढत नाहीत. मग तिला कोणी सांगितलं?

यात तुझा हात असेल तर सरळ लिही. मला एक मुलगी आणि एक नात आहे. त्यांच्यात वाटेकरी नको.

मंदाकिनी


महाड, ७ डिसेंबर

कुंदा,

तुझं उत्तर नाही. उत्तर नसणं हेही मी उत्तर म्हणून नोंदवून ठेवते. हे पत्र लिहून ठेवते आहे, टाकत नाही. पहिल्याचं उत्तर येईपर्यंत दुसरं टाकणं हा बावळटपणा.

आकाशकंदील सापडला. आज सेजल पोलादपूरहून घेऊन आली. आता तो आकाशकंदील राहिलेला नाही. कागद काढून टाकला आहे, कामट्या सोडवून पुन्हा बांधल्या आहेत आणि वर त्या वेफर्सच्या पुड्या चांदीची बाजू बाहेर ठेवून खळीने चिकटवल्या आहेत. नाताळची चांदणी. मधोमध सुईने भोकं पाडली आहेत. आत दिवा लावला की पडवीच्या भिंतीवर ठिपके ठिपके पडतात. मी कौतुक केलं नाही. "वायर नीट लावली आहेस का?" एवढंच विचारलं.

ती वर चांदणी टांगून थांबली असती तर ठीक होतं. अंगणात दिवाळीचा किल्ला अजून तसाच आहे, त्यावरची नाचणी वाळून पिवळी झाली आहे. संध्याकाळी पाहते तर किल्ल्याच्या पायथ्याशी गुहा कोरलेली, तिच्यात पेंढा.

"हे काय?"

"गोठा. बाळ इथे झोपणार."

"आणि हे कोण?"

"मेंढपाळ."

"सेजल, हे मावळे आहेत. त्यांच्या हातात ढाली आहेत."

"ह्याची ढाल मी काढली. ह्याला थंडी वाजतेय म्हणून घोंगडी दिली. बघ ना आजी, तुझ्या मोज्याची आहे."

माझा मोजा! पण त्याआधी मला दुसरी धास्ती होती. "महाराज कुठे आहेत?" मी ओरडले.

"शोकेसमध्ये," ती शांतपणे म्हणाली. "महाराज काय बाहेर थंडीत मेंढ्या राखणार?"

माझा आवाज ऐकून शेजारच्या खैरुनबीने भिंतीवरून डोकं काढलं. तिची आणि माझी भिंत एकच, गेली कित्येक वर्षं. तिचा अमजद रिक्षा चालवतो आणि रविवारी रूपाली-सेजल त्याच्याच रिक्षाने जातात, हे इथे नमूद करते.

"काय गो मंदा, पोरीवर कशाला वरडतेस? माझ्या शेळीचा पेंढा नेलान, मी काय बोलले?"

"खैरुनबी, ही हे सगळं शिकते कुठे?"

"टीव्हीवर शिकतात आता समदा."

"टीव्हीवर पेजेची खळ दाखवत नाहीत."

"मग कोणतरी म्हातारी आसल," खैरुनबी म्हणाली. "तुझ्यासारखीच." आणि हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

तेवढ्यात गल्लीतले कुशाबा, एसटीतले निवृत्त कंडक्टर, फाटकाशी थांबले. चांदणीकडे बघून म्हणाले, "बाई, जपा हां. असंच पोरांना नादी लावतात आणि मग धर्म बदलतात."

मी म्हटलं, "कुशाबा, मी सगळी शाळा ननांकडे शिकले. माझा धर्म कोणी पळवला नाही, फक्त अक्षर सुधारलं. तुमचं कोणी सुधारलं नाही त्याला मी काय करू?"

ते गेले. म्हणजे बाहेर मी त्या चांदणीची बाजू घेतली. घरात मात्र माझा संशय आहे तसाच आहे. मला धर्माची भीती नाही. दिवाळीचं सामान फुकट न घालवता त्यातून नाताळ उभा करायचा, ही कोणाची रीत आहे ते मला माहीत आहे. पण नाव लिहिणार नाही. पुरावा हातात आल्याशिवाय मी अहवालावर सही करत नसे.

मंदाकिनी


महाड, १४ डिसेंबर

कुंदा,

पुरावा हातात आला.

आधी हे की वसईचं पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनने लिहिलं आहे, 'येथे राहत नाहीत'. म्हणजे तू घर सोडलंस, आणि कुठे गेलीस ते मोठ्या बहिणीला कळवावंसं तुला वाटलं नाही.

आज सेजल डबा घेऊन आली. "आजी, डोळे मीट, तोंड उघड." मी डोळे मिटत नाही, तोंड उघडायच्या आधी वस्तू बघते. डब्यात नाताळच्या फराळाचे कुलकुल होते. तळलेले, वर साखरेचा पाक, शंखासारखे वळलेले. मी एक उचलून खिडकीशी नेला.

जगातली सगळी माणसं कुलकुल काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कंगव्यावर वळतात. त्यावर सरळ रेघा उठतात. या कुलकुलावर विणीची नक्षी होती. आडवे उभे, आडवे उभे. सुपाची पाठ.

हे करणाऱ्या बायका जगात दोनच आहेत, कुंदा. एक मी आहे आणि मी तर केलेले नाहीत.

तुला आठवत असेल असं धरून चालते. दादा पाचगणीला कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात आचारी होते म्हणून आपल्या दोघींना, त्यांच्या मुलींना, तिथे शिकायला मिळालं. नाताळच्या सुट्टीत आंबेनळी घाटाने उतरून आपण नाते गावी घरी यायचो, आणि सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलेलं सगळं आईला करून दाखवायचो. घरात काटा नव्हता. कंगवा होता, पण तो डोक्याचा, आईने पिठाला लावू दिला नसता. मग तू सूप पालथं घातलंस. आईने कपाळाला हात लावला, "आवशीचं सूप पालथं घालतात काय गो!" पण तू तोवर पहिला वळून तिच्या तोंडात घातला होतास. मैदा, चमचाभर रवा, नारळाचं दूध, साखर. त्या घरात त्या दिवसांत याहून श्रीमंत काही झालं नाही.

आणि दादांनी त्या सुपाचा फाटलेला कोपरा तांब्याच्या तारेने शिवला होता. त्या टाक्यावर वळलेल्या कुलकुलावर एक छोटी फुली उठायची. त्यासाठी आपण भांडायचो. तू मला "बाय, मला दे ना गो" म्हणायचीस आणि मी द्यायची नाही. कधीतरी द्यायची.

मी आजचे सगळे कुलकुल उलटून पालटून पाहिले. एकावरही फुली नाही. कशी असेल? ते सूप माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं आहे. शिवाय ही वीण फार नेटकी आहे, एकसारखी, गुळगुळीत. भिंग घेऊन पाहिलं तेव्हा कळलं. कुंदा, तू प्लास्टिकच्या सुपावर कुलकुल वळतेस? गरम तेलात जाणारी वस्तू? लाज नाही वाटत?

सेजलला विचारलं, "कोणी शिकवलं?"

"टीचरने."

"टीचरचं नाव काय?"

ती आईकडे बघायला लागली. रूपाली भांडी घासायला उठली. घासलेलीच भांडी.

म्हणजे तू पोलादपुरात आहेस. या पत्राला पत्ता नाही, पण तू आहेस. इतक्या जवळ येऊन माझ्या पाठीमागून माझ्या नातीला आपलं गुपित शिकवतेस. माझ्या दारात यायचं तुझं धाडस होत नाही, आणि माझ्या मुलीला मात्र माझ्याशी खोटं बोलायला लावतेस.

कुलकुल बरे होते. साखर जास्त.

मंदा


महाड, १७ डिसेंबर

कुंदा,

रूपालीने सगळं सांगितलं. मी तिचं ताट अडवून धरलं तेव्हा तिने सांगितलं, आणि तिने सांगितल्यावर मी जेवले नाही.

ती म्हणाली, गणपतीच्या सुमारास एक पांढऱ्या केसांची बाई खोकल्याचं औषध घ्यायला दुकानात आली. बाटली हातात घेतली, मुदतीची तारीख वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग रूपालीला म्हणाली, "हे तुम्ही वाचून दाखवा, मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही आणि तुमच्यावर पण." रूपाली म्हणते, चेहऱ्यावरून मी ओळखलं नसतं आई, पण तारीख तीनदा वाचणारी दुसरी बाई मी जन्मात पाहिली नाही. तिने विचारलं, "तुम्ही कुंदामावशी का?" आणि तू दुकानातच बाकावर बसून रडायला लागलीस. गिऱ्हाइकांसमोर. ते तुझं जुनंच आहे.

मग मला बाकीचं कळलं. इग्नास फेब्रुवारीत गेला. नवरा गेल्याचं मला कळवलं नाहीस. वसईचं घर रिकामं केलंस. माझ्याकडे यायला निघालीस, महाडचं तिकीट काढलंस, आणि महाड आलं तेव्हा तुला सीटवरून उठवेना. गाडी पोलादपूरला गेली, तू तिथे उतरलीस आणि दुकानामागे खोली घेऊन राहिलीस. असं कोणी करतं का? एसटीत बसलेला माणूस आपलं गाव आलं की उतरतो. तू पुढच्या गावाला उतरून गणपतीपासून नाताळपर्यंत तिथे बसलीस, आणि शेजारची मुलं गोळा करून त्यांना फुकट सणाच्या वस्तू करायला शिकवलंस. रूपाली म्हणते, तुला एकटीला घरात बसवत नाही. मुलांचे आई-बाबाही येतात आता, म्हणे. पडवीत बसून कातरकाम करतात.

आणि हे की नाताळ झाला की तुझा मुलगा स्टीफन तुला बाहरेनला घेऊन जाणार. सव्वीसला गाडी येणार. तिथून तू परत येणार नाहीस.

"म्हणून मी तिला नेते, आई," रूपाली म्हणाली. "सेजलला मावशीआजी बघायला मिळावी म्हणून. तुला सांगितलं असतं तर तू बंदी घातली असतीस."

"घातली असती," मी म्हटलं.

"बघ."

"तिने बाराव्याच्या दिवशी काय केलं, तुला माहीत आहे?"

"तिने तिची बाजू सांगितली. गोमाजीकाकांनी ख्रिस्ती म्हणून इग्नासकाकांचं पान ओटीवर वेगळं मांडलं आणि तू आत गप्प होतीस."

कुंदा, इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. तू कशावरून ठरवलंस, मी गप्प होते?

मी चुलीपाशी होते. गोमाजीकाकांनी काय केलं ते कळलं तेव्हा मी बाहेर आले, इग्नासचं पान उचललं आणि आत आणून माझ्या पानाशेजारी ठेवलं. वाढलं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. काकांना म्हटलं, "जावई ओटीवर जेवणार असेल तर मीही ओटीवर जेवते, आणि वाढायला तुम्ही उठा." सगळी पंगत ऐकत होती. मग तुम्हाला बोलवायला अंगणात आले. तुमची गाडी वळणावरून गेलेली होती.

रूपाली म्हणते, तू मागे का नाही गेलीस, फोन का नाही केलास. मी का करू? जिने मला न विचारता माझा निकाल लावला, तिला मी माझी बाजू सांगत फिरू? मी दोन पानांमध्ये बसून एकटी जेवले. दुसरं पान गाईला घातलं.

"हे मावशीला माहीत नाही, आई," रूपाली म्हणाली.

"तिने विचारलं नाही."

"तू सांगितलं नाहीस."

"पान वाढलेलं होतं, रूपाली. वळून बघितलं असतं तर दिसलं असतं."

त्यावर ती हसायला लागली आणि मग रडायला लागली. मला हसण्याचं कारण दिसलं नाही.

इग्नास चांगला माणूस होता. दादांच्या शेवटच्या आजारपणात त्याने त्यांची दाढी केली होती. ते मी विसरलेले नाही.

मंदा


महाड, २१ डिसेंबर

कुंदा,

आज मी तुला पाहिलं. तू मला पाहिलं नाहीस, याची मी काळजी घेतली होती.

रूपाली-सेजल सकाळी गेल्या. मी दुपारी अमजदला म्हटलं, "पोलादपूर." तो गालात हसला, म्हणजे खैरुनबीला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. तिचा हिशेब मी वेगळा करीन.

तुझ्या खोलीसमोर रस्त्यापलीकडे एक टेम्पो उभा होता. मी त्याच्याआड रिक्षा लावायला सांगितली.

"मावशी, पोलिसाची ड्युटी हाय काय आज?" अमजद म्हणाला.

"गप बस."

"बसलो. पण टेम्पोवाला निघाला तर काय करायचा?"

पडवीत दहा-बारा मुलं आणि त्यांच्या आया. एका डब्यात करवंदीची फांदी उभी केलेली, आणि मुलं तिच्या काट्याकाट्यावर साळीच्या लाह्या खोचत होती. लांबून बर्फ पडल्यासारखी दिसत होती. हे मात्र सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलेलं नाही, हे तुझं स्वतःचं डोकं. एक आई लग्नपत्रिका कापून त्यांचे देवदूत करत होती. एका देवदूताच्या पोटावर 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' असं छापलेलं माझ्या डोळ्यांनी वाचलं. लांबचं मला अजून दिसतं.

तू मध्ये बसली होतीस. समोर ते प्लास्टिकचं सूप, भडक निळं. केस पांढरे झालेत तुझे. मानेतून वाकलीस. अंगावर आईची राखाडी शाल होती. ती शाल मी इतकी वर्षं शोधते आहे! मी काकूवर संशय घेतला होता.

एक मुलगा म्हणाला, "टीचर, माझा वाकडा झाला."

"वाकडाच असतो तो, स्वराज. सरळ असतो तो दुकानातला."

"टीचर, पीठ चाळलंय ना?" ही आमची सेजल. माझंच वाक्य.

आणि तू म्हणालीस, "दोनदा चाळलंय बाई. माझी बाय असती तर तिसऱ्यांदा चाळायला लावलं असतं. मैद्यात तिला काय काय दिसायचं!" मुलं हसली. तू हसलीस आणि मग हसता हसता सुपाकडेच बघत राहिलीस. सेजलने तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो ज्या सवयीने ठेवला त्यावरून कळलं, हे नेहमी होतं.

मी येताना बोलायची वाक्यं तयार करून आणली होती. चांगली वाक्यं होती. त्यातलं एकही त्या पडवीत नेण्यासारखं नव्हतं.

"उतरता काय, मावशी?" अमजदने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"रिकाम्या हाताने जात नाहीत बहिणीच्या दारात. चल परत."

"येवढ्या लांब येऊन?"

"मी काय तुझ्यासारखी पेट्रोलवर चालते का, फेरी फुकट गेली म्हणायला? चल."

 मी महाडला उतरताना तो म्हणाला, "परवा, तेरवा, कदी पण सांगा. सव्वीसच्या आत सांगा."

म्हणजे तारीखही माहीत आहे त्याला. सगळ्या गल्लीला माहीत आहे. एक मलाच नव्हती.

मंदा


पोलादपूर, २४ डिसेंबर

कुंदा,

ही चिठ्ठी रिक्षात बसून लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस. कागद लग्नपत्रिकेची पाठ आहे. सेजलच्या दप्तरात तुझ्यामुळे आता दुसरा कागद मिळतच नाही.

सेजल चिठ्ठी आणि सूप दोन्ही घेऊन आत येते आहे. सूप आईचं आहे. काल मेथीचं पीठ लावून पुसलं, उन्हात ठेवलं. टाका शाबूत आहे, तार जराशी हिरवी झाली होती, ती चिंचेने घासली. सुपात बाकीची पत्रं आहेत. एक वसईहून परत आलेलं, बाकीची टाकलेली नाहीत. त्यात मी पुष्कळ बोललेय तुला. ती नंतर वाच. सतरा तारखेचं मात्र आधी वाच, ते लहान नाही पण वाच.

पत्रांखाली पुडकी आहेत. मैदा, रवा, साखर. मैद्याच्या पुडीवरची तारीख मी पाहिली आहे. तू पुन्हा पाहशील हे माहीत आहे. पाहा. नारळ खैरुनबीने दिला आहे, तिच्या बहिणीच्या झाडाचा. ती म्हणाली, "तिला सांग, मंदा आठ दिवस झाले नीट जेवत नाय." ते खोटं आहे. थोडं जेवते.

ते निळं प्लास्टिक बाजूला कर. गरम हात लागला की त्याला वास येतो, मुलं खातात ते.

स्टीफनला सांग, गाडी सव्वीसला सकाळी पोलादपूरला आणायची नाही. महाडला आणायची, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत. आपल्याला उद्या रात्री माझ्याकडे निजायचं आहे. अंगणात किल्ल्याखाली गोठा आहे, माझ्या मोज्याची घोंगडी घेतलेला मावळा आहे, चांदणी आहे. तुझंच सगळं आहे, ये आणि बघ. मग जायचं की नाही ते तुझं आणि स्टीफनचं. मी त्यात बोलणार नाही. थोडंच बोलेन.

मी रिक्षातून उतरते आहे. दारापर्यंत येईन, कडी वाजवणार नाही. तू महाडला उतरली नाहीस, तर मी पोलादपूरला उतरले. आता दार तू उघड.

टाक्यावरचा पहिला कुलकुल इग्नासच्या फोटोपुढे ठेव. दुसऱ्यासाठी आपण भांडू.

तुझी बाय